अक्कलकोटची लगोरी, करकंबचा लिंगोरचा

अहो, शेवटी स्वभावावर गेलातच तुम्ही.

दहाव्याला सीना नदीच्या काठी आम्ही सगळे उन्हात उभे. पिंड मांडून झालेले. पत्रावळीवर तुमच्या आवडीचं सगळं वाढलेलं, शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही, एका द्रोणात चहासुद्धा. आणि कावळा समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून आमच्याकडं बघतोय. खाली उतरायचं नाव नाही. आपला प्रशांत अंघोळ करून ओल्या धोतरानं उभा होता, तो उभ्या-उभ्या वाळला. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "जीव कशात तरी अडकलाय त्यांचा. ज्याला ठाऊक असेल त्यानं शब्द द्यावा. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू आपण."

तुमचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. पण चारचौघांत सांगायचं कसं? जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी केलेला, नातवंडांचा आजोबा झालेला माणूस पोरासोरांच्या एका खेळावरून अडून बसलाय, असं म्हणाले असते तर लोक म्हणाले असते, बाईचं डोकं उन्हानं फिरलं.

म्हणून आज लिहायला बसलेय. पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या, प्रशांत आणि सून कामाला गेली, घरात आता भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. तुमच्या खुर्चीत बसलेय, रागावू नका. मल्लूभावजी, तुमचे धाकटे बंधू, परवापर्यंत इथंच होते. दादांवर चार ओळी लिहून पेपरात देऊ म्हणाले. त्यांनीच लिहून दाखवल्या. जन्म, नोकरी, निवृत्ती, मनमिळाऊ स्वभाव, मागं पत्नी, मुलगा, सून, नातवंडं. मी वाचलं आणि कागद परत दिला. त्यात तुम्ही कुठंच नव्हता. आणि मनमिळाऊ? तुम्ही? लगोरीचं तर नावही नव्हतं त्यात.

बघा, लगोरी म्हणाले मी. तुम्ही गेलात आणि माझ्या तोंडात तुमचाच शब्द यायला लागला. लिंगोरचा, लिंगोरचा, लिंगोरचा. हं, आता बरं वाटलं.

आठवतं का, आपलं लग्न करकंबला आमच्या दारात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि तुम्ही मुंडावळ्या बांधून मांडवात बसलेले, मी शेजारी मान खाली घालून. समोर अंगणात वऱ्हाडातली पोरं खेळत होती. फुटक्या कौलाच्या सात ठिकऱ्या एकावर एक रचायच्या, लांबून चेंडू मारून त्या पाडायच्या, आणि समोरच्या पोरांनी चेंडू फेकून अंगावर मारायच्या आत पळत येऊन पुन्हा रचायच्या. तुम्ही आपलं तोंडातल्या तोंडात म्हणालात, "लगोरी ब्येस लावलीय की पोरांनी." मी मान वर केली, तुमच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाले, "लिंगोरचा म्हणतात त्याला."

हे माझं तुमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. बाकीच्या बायका पहिलं वाक्य काय बोलतात कुणास ठाऊक. मागं माझी आत्या उभी होती, तिनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडं असं बघितलंत, जसा काही बिनतिकिटाचा पॅसेंजर सापडला. "आमच्या अक्कलकोटला लगोरीच म्हणतात," म्हणालात. मी म्हणाले, "मग अक्कलकोटला चुकीचं म्हणतात." दुसरा चिमटा.

जाताना गाडीतही तेच. तुमचं म्हणणं, खेळ मूळचा अक्कलकोटचा, कारण तिकडं मराठीतही लगोरी आणि कानडीतही लगोरीच. दोन भाषांनी एकच नाव धरलंय म्हणजे जन्म तिथलाच. माझं म्हणणं, करकंबच्या बाजारात कुंभार बसतात, मडकी फुटतात, ठिकऱ्या पडतात, मग हा खेळ दुसरीकडं जन्माला येईलच कसा? गाडी सोलापूरला पोचेपर्यंत आपण मुद्दे मांडत होतो. आई मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, लोकांच्या पोरी सासरी जाताना रडतात, आमची भांडत गेली.

बरं, भांडण नुसतं नावाचं असतं तर मिटलं असतं. नियमही वेगळे निघाले. तुमच्याकडं सातवी ठिकरी ठेवली आणि "लगोरी" म्हणून बोंब मारली की डाव जिंकला. आमच्याकडं तसलं न्हाय. रचून झालं की खाली बसून ठिकऱ्यांभोवती मातीत बोटानं रिंगण ओढायचं, ते पुरतं जुळलं पाहिजे, आणि मग "लिंगोरचा" म्हणायचं. रिंगण ओढता ओढता पाठीत चेंडू बसला तर डाव गेला. तुम्ही म्हणायचा, "हे रिंगणबिंगण बायकी काम हाय." मी म्हणायची, "बोंब कुणीपण मारतं. रिंगणाला छाती लागते."

सोलापुरात आपण खोली घेतली ती मागवाल्यांच्या वस्तीत. दिवसभर टॉवेलाच्या मागांची खटखट, आपण भांडलो तरी कुणाला ऐकू जायचं नाही, हा एक फायदा. शेजारच्या नरसम्माला मात्र सगळं ऐकू जायचं. तिचं घर तेलुगू, मराठी बोलायची ती आपल्याच ढंगात. एकदा ती दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कशाला भांडता ओ दोघं? ते आमचं हाय, एडु पेंकुलाटा. सात कौलांचा खेळ. आमच्या लोकांनी तिकडनं माग आणले ना, तवाच आणला." तुम्ही आणि मी एकमेकांकडं बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा आपण दोघं एका बाजूला होतो. तिसऱ्या शत्रूनं संसार सावरला म्हणायचा. त्याच नरसम्मानं मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा घट्ट चेंडू गुंडाळून दिला होता, वरून सुईनं शिवलेला, रंगीबेरंगी. प्रशांत त्याच चेंडूवर वाढला. तो आपला तिन्ही नावं घ्यायचा, बिचारा.

मग तुमचं ते खूळ सुरू झालं. गाडीत तिकीट फाडता फाडता पॅसेंजरला विचारायचं, "पाव्हणं, तुमच्याकडं लगोरीला काय म्हणतात?" लोक आधी घाबरायचे. कंडक्टर काहीतरी विचारतोय म्हणजे सुट्ट्या पैशांवरून असणार. मग खेळ कळला की माणूस खुलायचा. पांढऱ्या मिशांचे म्हातारे सीटवरून उठून चेंडू कसा मारायचा ते दाखवायचे, ड्रायव्हर आरशातून शिव्या द्यायचा. हे सगळं तुम्ही घरी येऊन मला करून दाखवायचा, टोपी डोक्यावर तशीच.

नावं तुम्ही कधी कागदावर उतरवली नाहीत. मी शाळेतली मास्तरीण, मला राहवायचं नाही, म्हणायची, लिहून तरी ठेवा. तर म्हणायचा, "लिहिलं की तू वाचशील. मग मी घरी येऊन सांगू काय?"

सांगते, आता सांगते. इतर बायकांचे नवरे येताना गजरा आणायचे. तुम्ही घामानं भिजलेल्या शर्टात यायचा, पाणी प्यायचा, तांब्या खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आज एक गावलं." राजस्थानातून आलेल्या मिठाईवाल्यानं सांगितलेलं सतोलिया. दिल्लीकडच्या फौजीनं सांगितलेलं पिठ्ठू. मद्रासकडच्या एका नर्सबाईनं सांगितलेलं एळु कल्लु, ते तुम्हाला म्हणता येईना, जीभ वळवून वळवून पोरासमोर नाटक केलंत. मी चेहऱ्यावर दाखवायची नाही. "हात धुऊन घ्या, भाकरी गार होतीय," एवढंच म्हणायची. पण तुमची गाडी यायच्या वेळेला माझा कान रस्त्याकडं असायचा, आणि तो तुमच्यासाठी होता की नावासाठी, हे मलाच कधी कळलं नाही. तुम्हाला हे कधी बोलले नाही. कशाला बोलायचं, चढून बसला असता डोक्यावर.

एकदा तुम्ही हैदराबादची गाडी करून आलात आणि नाव सांगितलंच नाहीत. दोन घास खाल्लेत, उठलात, गच्चीवर गेलात. मला वाटलं, डेपोत साहेबाशी भांडण झालं. मग खाली येऊन भिंतीकडं तोंड करून म्हणालात, "तिकडं लिंगोच्चा म्हणतात." मी एवढी हसले, एवढी हसले, नरसम्मा धावत आली. तुमच्या बाजूचा पुरावा नव्हता तो, माझ्या बाजूचा होता. तुम्हाला लपवता आला असता. कुठं हैदराबाद, कुठं मी, कोण सांगायला येणार होतं? पण तुम्ही सांगितलंत. नोकरीत कधी कुणाच्या तिकिटाचा पैसा इकडचा तिकडं केला नाही असं लोक तुमच्याबद्दल म्हणतात. मला त्याचं काही नवल नाही. ज्यानं लिंगोच्चा बायकोला येऊन सांगितलं तो माणूस पैशाला काय हात लावणार?

पण दुसऱ्या दिवशी लगेच सावरलात. "हैदराबादला ते अक्कलकोटवरनंच गेलं असणार. वाटेत नाव बिघडलं," म्हणालात. निर्लज्ज.

आपलं सगळ्यात रंगलेलं भांडण विठोबावरून झालेलं. कुणीतरी गाडीत तुम्हाला सांगितलं की हा खेळ गोकुळात कृष्ण खेळायचा. तुम्ही आलात ते छाती काढून. "कृष्ण काय तुमच्या करकंबला आला होता काय?" मी भाकरी थापत होते. म्हणाले, "यायला कशाला पायजे? पंढरपूर आमचाच तालुका. तो हितंच राहतो की." तुम्ही टोपी काढून खुंटीला अडकवलीत. मग म्हणालात, "राहतो, पण खेळतो कुठं? कमरेवर हात ठेवून नुसता उभा हाय." मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "उभाच राहणार. सातवी ठिकरी त्याच्या पायाखाली हाय. ती दिल्याशिवाय डाव पुरा व्हायचा न्हाय, म्हणून तर दाबून उभा हाय."

तुम्ही परातीजवळ बसलात, दोन्ही हात जोडून मला नमस्कार केलात आणि म्हणालात, "मास्तरीणबाई, हे लई भारी होतं." भांडणात समोरच्याला दाद द्यावी ती तुम्हीच. हरलो मात्र म्हणाला नाहीत. म्हणणारही नव्हता, आणि मलाही ते नको होतं.

निवृत्त झालात आणि मग काय, गच्ची आपलीच. संध्याकाळी ऊन उतरलं की शहाबादी फरशीचे सात तुकडे रचायचे आणि दोघांनीच खेळायचं. नरसम्मा तिच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायची, तोंडाला पदर लावून हसायची. पहिल्या दिवशी मी ठिकऱ्या रचत होते आणि तुम्ही चेंडू मारलात तो असा, की फूल वाहिल्यासारखा पाठीवर येऊन पडला. माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले. "हळू का मारलात?" "अगं, वय झालं आपलं. लागंल की." "लागू दे. मी काय लिंबूटिंबू हाय व्हय? मारायचा तर नीट मारा, न्हायतर चेंडू ठेवा आणि खाली जाऊन पेपर वाचा."

तुम्ही चेंडू उचललात, दोन पावलं मागं गेलात आणि असा मारलात की खांद्यावर काळंनिळं झालं. सुनेनं विचारलं, आई, हे काय? मी म्हणाले, दाराला आपटले. पण मला बरं वाटलं होतं. त्या दिवसापासून आपल्यात कुणी कुणाला हळू मारलं नाही. चेंडूही नाही आणि शब्दही नाही. आपल्या घरातला हा एकच कायदा होता असं म्हटलं तरी चालेल. येणारे-जाणारे म्हणायचे, काय ही दोघं सारखी भांडतात. भांडतात! ज्याला आपण बरोबरीचं समजतो त्याच्याशीच माणूस एवढं जीव तोडून भांडतं, हे त्यांना कुणी सांगावं?

आता ते सांगायला हवं, ज्याच्यासाठी खरं तर बसलेय. दवाखान्यातलं.

तुमच्या तोंडावर तो मास्क होता. डॉक्टरांनी सकाळी मला बाहेर बोलावलं होतं. काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी आत आले, स्टुलावर बसले. तुम्ही मास्क जरा वर केलात, एक बोट उभं केलंत, आणि श्वास घेत घेत म्हणालात, "मास्तरीणबाई, खेळ अक्कलकोटचाच."

रोजच्या सवयीनं चेंडू टाकलात माझ्याकडं. आणि मी काय केलं? डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. म्हणाले, "बरं बाबा. अक्कलकोटचा. तुमचंच खरं."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. कितीतरी वेळ. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतात ते. मला वाटलं, खूश व्हाल. तुम्ही मास्क पुन्हा वर केलात आणि हळूच विचारलंत, "एवढं वाईट सांगितलं का गं डॉक्टरनं?"

तुम्ही माझा हात चाचपून धरलात. "हळू मारू नको की," म्हणालात. मी तोंड उघडलं होतं. शपथ सांगते, जिभेवर आलं होतं, करकंबचा, करकंबचा, म्हणून. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली, मला बाहेर जा म्हणाली. परत आत आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. मी म्हटलं, झोपू दे, उठल्यावर सांगते, चांगलं खडसावून सांगते. तुम्ही उठलाच नाहीत.

तेवढं राहून गेलं. सगळं आयुष्य बोलण्यात गेलं आपलं आणि शेवटचं माझं वाक्य तुम्ही नेलंत ते खोटं नेलंत. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, ते काय सांगायचं, जेवताना दोन ताटं घेते अजून. पण त्याच्याखाली हे एक कुसळ. तुम्ही असं समजून गेलात का, की मास्तरीण हरली? की मास्तरणीला तुमची कीव आली?

तर हे सगळं मनात घेऊन मी सीनेच्या काठी उभी होते. बायका घाटावर येत नाहीत असं कुणीतरी म्हणालं होतं, मी ऐकलं नाही. गुरुजी म्हणाले शब्द द्या, तर आधी प्रशांत पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला कधी एकटं पडू देणार नाही." कावळा पंख खाजवत बसला. सून म्हणाली, "मुलांना चांगलं शिकवू, बाबा." नाही. कुणी म्हणालं, अक्कलकोटच्या घराची कौलं शाकारू. कुणी म्हणालं, दरवर्षी तुमच्या नावानं अन्नदान करू. कावळ्यानं पाठच फिरवली. उन्हाचा चटका वाढला. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला, वळायला सुरुवात केली. गवताच्या कावळ्यानं तुमची बोळवण करणार हे लोक?

आणि तेवढ्यात मल्लूभावजींच्या डोक्यात प्रकाश पडला. तुमचेच भाऊ ते, त्यांना आपलं भांडण पाठ होतं. ते पुढं सरसावले, कावळ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "दादा, यप्पा, बा, ये खाली! खेळ अक्कलकोटचाच! वैनीनी मान्य केलंय, लगोरी आपलीच!"

कावळा उडाला. होता त्या बाभळीवरून उठला आणि पार पलीकडच्या काठावरच्या झाडावर जाऊन बसला.

सगळ्यांनी हाय खाल्ली. भावजी कपाळाला हात लावून खाली बसले. गुरुजींचा हात दर्भावर थांबला. आणि मला, अहो, मला हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. कारण मला लख्ख कळलं, तुम्हाला जिंकायचं नव्हतंच. तुम्हाला उत्तर हवं होतं. दवाखान्यातला चेंडू तुम्ही माझ्याकडं टाकलेला होता आणि मी तो फुलासारखा परत टाकला होता.

मी पदर खोचला. प्रशांत म्हणाला, "आई, कुठं?" मी त्याला बाजूला केलं आणि पिंडापाशी गेले. गुरुजी काहीतरी म्हणत होते, मी ऐकलं नाही. गुडघे कुरकुरले, तरी खाली बसले. आणि ओल्या वाळूत पिंडाभोवती बोटानं रिंगण ओढलं. सावकाश, पुरतं. टोकाला टोक जुळवलं. मग उठले, पलीकडच्या झाडाकडं बघितलं आणि आयुष्यभर वर्गात जो आवाज लावला तो लावून म्हणाले, "कोण म्हणतं मी मान्य केलं? मी न्हाय मान्य करत! खेळ करकंबचा! आमच्या बाजारातल्या ठिकऱ्यांचा! लिंगोरचाच म्हणतात त्याला, आणि म्हणणार! जिथं असाल तिथनं या आणि काय बोलायचं ते बोला!"

माझ्याच आवाजानं माझे कान वाजत होते. कुणीतरी मागून "अगंबाई" म्हणालं.

आणि तो आला हो. पलीकडच्या काठावरून सरळ पाण्यावरून उडत आला, रिंगणाच्या आत उतरला, पिंडाला चोच मारली. एकदा, पुन्हा एकदा. मग चटणीकडं वळला. चहाच्या द्रोणातही चोच बुडवून बघितली.

प्रशांत लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. भावजी रडत रडत हसत होते. "वैनी, तुमी काय बाई हाय का कोण!" म्हणाले. गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवला, मला विचारलं, "हे करकंबचं काय प्रकरण आहे?" मी म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, गुरुजी. चालू आहे अजून."

त्या दिवसापासून मला झोप लागते. रडूही येतं, पण ते साधं रडू, पाण्यासारखं, कुसळ नाही त्यात. तुमच्याबरोबरचा जन्म भांडणात गेला आणि मला त्यातला एकही दिवस परत करायचा नाही. हे तुमच्या तोंडावर म्हणाले असते तर तुम्ही म्हणाला असता, आज ऊन लई हाय व्हय बाहेर? म्हणून राहून गेलं. आता म्हणते.

काल पेन्शनच्या कामाला सात रस्ता चौकात गेले होते. परत येताना एका छोट्या दुकानात मंगळसूत्राची कडी जोडून घ्यायला थांबले. घालत नाही आता, पण तुटकं ठेववत नाही घरात. दुकानातला कारागीर बंगालकडचा, तुटकं हिंदी बोलत होता. कडी जोडेपर्यंत मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याच तोंडून तुमचा प्रश्न बाहेर पडला, हातांनी दाखवत, सात ठिकऱ्या, चेंडू, पाडायचं, रचायचं. त्याचा चेहरा खुलला. हातातलं काम खाली ठेवलं आणि त्यानं त्याच्या गावाकडचं नाव सांगितलं. तुम्ही कधी आणलं नव्हतं ते. एकदाही नाही.

मी रिक्षा केली. जिना चढले, दार ढकललं, चप्पलही काढली नाही आणि ओरडले, "अहो, ऐकलं का, आज एक गावलं!"

खुर्ची रिकामी. पंखा नुसता फिरत होता. नरसम्मा तिच्या दारातून आली, ती सगळं ऐकते ना. माझ्याशेजारी जमिनीवर बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाली, "काय गावलं, मला तरी सांग."

तिलाही सांगितलं नाही. हितं लिहिणारही नाही. लिहिलं की तुम्ही वाचाल.

आधी कबूल करा खेळ करकंबचा आहे म्हणून. मग सांगते.